आज्ञाधारक मुलाचं माहूर

देवदर्शन आणि वीकेण्ड ट्रिप या दोन गोष्टी एकत्र जमतात, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. पण आईने दोन वर्षं धोशा लावला होता, ‘एकदा कुलदेवीला जाऊन यायचंय रे.’ बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपणार नव्हत्या. म्हणजे मीच. शुक्रवारी ऑफिसातून निघालो, रात्रभर बस, सकाळी नांदेड, तिथून टॅक्सी. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर खण-नारळाची पिशवी आणि माझ्या मोबाइलला जेमतेम एक कांडी रेंज.

मराठवाडा म्हणजे उजाड माळरान, असा तुमचाही समज असेल तर तो किनवटच्या आसपास गळून पडतो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, वळणावळणाचा रस्ता, मध्येच एखादा वानरांचा कळप. माहूर नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू. पावसाळ्यानंतर गेलात तर हिरव्या रंगाच्या इतक्या छटा दिसतात, की कॅमेऱ्याची बॅटरी दर्शनाआधीच संपते.

तीन डोंगर, दोन बायका

माहूरला तीन शिखरं आहेत. एक रेणुकेचं, एक दत्ताचं आणि एक अनसूयेचं. दत्त दिवसभर कुठेही फिरले तरी रात्री झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. अनसूया ही त्यांची आई. तिची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. तीन देव तिच्या पातिव्रत्याची परीक्षा घ्यायला आले आणि तिने त्यांची बाळं करून टाकली. थोडक्यात, परीक्षेत पहिल्या नंबराने पास.

शेजारच्या डोंगरावरची रेणुका मात्र त्याच परीक्षेत नापास ठरवली गेलेली. ही कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. जमदग्नी ऋषींची ही बायको नदीवर गेली. तिथे चित्ररथ नावाचा राजा आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करत होता. तिने ते पाहिलं आणि क्षणभर तिचं मन चळलं. बस्स, एवढंच. जमदग्नींना ते कळलं आणि त्यांनी मुलांना सांगितलं, आईला मारा. थोरल्या चौघांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्या परशुरामाने ऐकलं. कुऱ्हाड उचलली आणि आईचं डोकं उडवलं.

आता गंमत बघा. गर्दी कुठे असते? अनसूयेच्या शिखरावर आम्हाला मोजून दहा-बारा माणसं भेटली. रेणुकेच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ आहे. नापास झालेलीच इथे आई आहे.

अथेन्समधला खटला

बीएला माझं इंग्रजी साहित्य होतं. नोकरीने त्यातलं बरंचसं पुसून टाकलंय, पण चढताना धाप लागली तसा ओरेस्टीस आठवला. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी इसवी सन पूर्व 458मध्ये अथेन्समध्ये रंगमंचावर आली. त्यातल्या क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याचा खून केलाय, कारण त्याने त्यांच्या मुलीचा बळी दिला होता. अपोलो देवाच्या सांगण्यावरून ओरेस्टीस आईला मारतो. म्हणजे तोसुद्धा आज्ञाधारकच. पण नंतर सूडाच्या देवता त्याच्या मागे लागतात, त्याला झोपू देत नाहीत. शेवटी अथेन्समध्ये खटला चालतो. अपोलो त्याची बाजू मांडताना म्हणतो, की आई ही खरी जन्मदाती नसतेच, ती फक्त बापाचं बीज वाढवते. मतं समसमान पडतात, अथीनाचं मत त्याच्या बाजूने असतं आणि ओरेस्टीस सुटतो. आई अर्थातच परत येत नाही.

पुढची दोन हजार वर्षं युरोपातल्या लेखकांना हा प्रश्न सुटलेला दिसत नाही. दान्तेच्या नरकात फ्रान्चेस्का भेटते. दिराबरोबर प्रेमकथा वाचता वाचता एक चुंबन झालं, त्यातून दोघांचा खून झाला आणि वर नरकवासही. फ्लोबेअरच्या ‘मादाम बोव्हारी’वर 1857मध्ये सार्वजनिक आणि धार्मिक नीतिमत्ता बिघडवल्याचा खटला भरला गेला. फ्लोबेअर निर्दोष सुटला. त्याची एमा मात्र कादंबरीत विष खाऊन मेलेलीच राहिली. टॉलस्टॉयची ॲना रेल्वेखाली गेली. हार्डीची टेस फासावर गेली, फक्त तिच्या लेखकाने पुस्तकाच्या उपशीर्षकात तिला ‘शुद्ध स्त्री’ म्हणायची हिंमत केली. या बायकांची कणव त्यांच्या लेखकांना नक्की होती. पण शेवटच्या पानापर्यंत त्यांना जिवंत ठेवणं काही जमलं नाही.

हे सगळं मी आईला माझ्या भाषेत सांगितलं. एका पायरीवर टेकत ती म्हणाली, ‘‘अरे, पण रेणुकेचं तरी काय चुकलं होतं? पाणी आणायला गेली, जरा बघत राहिली.’’

‘‘मग पोराने कुऱ्हाड कशी उचलली?’’

‘‘बापाने सांगितलं ना.’’

एवढं बोलून ती माझ्याकडे न बघता पुढे चढू लागली.

मला ते लागलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं. बाबा म्हणाले, आजपासून या घरात तिचं नाव नको. आई रडली. काकाने दोन दिवस समजावून पाहिलं आणि तेव्हापासून बाबा त्याच्याशीही बोलत नाहीत. मी काय केलं? तिची पुस्तकं, कपडे, कॉलेजचे कप खोक्यांत भरले, वर टेप मारली आणि टेम्पो बोलावला. टेप मारताना हात थरथरला नव्हता. घरात शांतता राहावी म्हणून करतोय, अशी समजूत घातली होती.

मागे वळून पाहिलं तेव्हा

परशुरामावर खूश होऊन जमदग्नींनी त्याला वर मागायला सांगितलं. त्याने मागितलं, आई जिवंत होऊ दे. त्याला जोडूनच, मी तिला मारल्याचं तिला आठवू नये आणि मला ते पाप लागू नये. कॉलेजात असताना ही मला सुखान्त गोष्ट वाटायची. आता वाटतं, ज्याने घाव घातला त्याची पहिली मागणी हीच असते, की समोरच्याने विसरून जावं.

माहूरची स्वतःची गोष्ट याच्या पुढची आहे. सहस्रार्जुनाच्या वैरात जमदग्नी मारले गेले. परशुरामाने कावडीतून त्यांचा देह आणि आईला माहूरला आणलं. इथे अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी व्याकूळ झाला. तेव्हा दत्तात्रेय म्हणाले, ती जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिलं तेव्हा फक्त मुखच वर आलं होतं.

ग्रीक ऑर्फियसही असाच वळला होता आणि त्याची बायको कायमची अंधारात गेली. माहूरला मात्र चेहरा राहिला. गाभाऱ्यात शेंदूर माखलेलं ते भलंमोठं मुख समोर येतं. हात नाहीत, धड नाही, फक्त डोळे. रांगेतून पुढे ढकलले जाईपर्यंत जेमतेम दहा सेकंद मिळतात. माझी दहा सेकंद मान खाली घालण्यातच गेली.

बाहेर खलबत्त्यांचा ठकठक आवाज चालू होता. इथला प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल, पहिल्या घासातच जीभ लाल. आईने दोन पुड्या बांधून घेतल्या.

‘‘दोन कशाला?’’

‘‘एक घरी. दुसरी तू नेऊन द्यायचीस.’’

कुणाला, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खाली येईपर्यंत फोनला रेंज आली होती. नंबर मी कधी डिलीट केलाच नव्हता. तीन वेळा रिंग वाजली. पलीकडून ‘हॅलो’ नाही, नुसताच श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, ‘‘आई बरी आहे ना?’’

तांबूल किती दिवस टिकतो हो?

कसं जाल?

नांदेडहून एसटी आणि खासगी गाड्या मिळतात. रेल्वेने किनवटला उतरून पुढे रस्त्याने जाता येतं. विदर्भातून येणाऱ्यांना यवतमाळमार्गे सोयीचं. नवरात्र आणि दत्तजयंतीला प्रचंड गर्दी असते, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. हाताशी वेळ असेल तर माहूरचा किल्ला, पांडवलेणी आणि मातृतीर्थ बघाच. वाटेत पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे, पण तो पावसाळ्यातच खरा. पायात बूट घाला आणि आईला बरोबर न्या.