पायी चालणाऱ्यांची गाडी

मूल धड चालायला लागायच्या आतच त्याच्या नावावर एक गाडी होते, आणि तिचं नाव ठेवताना मराठी माणसाने कसलीही भीडभाड बाळगलेली नाही. पांगुळगाडा! घरात कौतुकाचं पोर पहिलं पाऊल टाकतंय, आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतेय, आणि त्याच्या हातात दिलंय काय, तर पांगळ्याचा गाडा. पण हा गाडा नीट पाहिला तर त्याच्या नावापेक्षा त्याची अक्कल मोठी आहे. लाकडाची साधी चौकट, मागे दोन चाकं, पुढे एक, आणि पोराच्या छातीच्या उंचीला एक आडवी दांडी. बसायला जागा म्हणून कुठे नाहीच. दांडी धरून उभं राहायचं आणि ढकलायचं. ढकललं की गाडा सरकतो, सरकला की पाय उचलावाच लागतो, नाहीतर तोंडावर आपटायचं. गावच्या सुताराने केलेल्या गाड्याची चाकं जरा घट्ट असायची, अंगणभर करकरत फिरायची. ते बरंच होतं. सैल चाकांचा गाडा गुळगुळीत फरशीवर पोराच्या हातून निसटतो आणि पोर मागे राहतं.

बाबागाडीचा मामला नेमका उलटा. तिच्यात पोराने काहीच करायचं नसतं. पडून राहायचं, आभाळ बघायचं. नावातला ‘बाबा’ही आपल्या घरातला वाटत नाही. आपल्याकडे पोर म्हणजे बाळ, सोन्या, ठमी, बंड्या. ‘बाबा’ हे साहेबाच्या बंगल्यावरच्या आयांनी गोऱ्या पोरांना लावलेलं संबोधन. कॅम्पातल्या सावलीच्या रस्त्याने आया ती गाडी ढकलायच्या आणि तिथूनच हे नाव मराठीत उतरलं, असा माझा तर्क आहे. एरवी आपण तिला बाळगाडी म्हणून मोकळे झालो असतो.

खुद्द साहेबाच्या भाषेत तर या गाडीच्या नावाने बरीच पायपीट केली आहे. पेराम्ब्युलेटर म्हणजे मुळात फिरणारा, पायी हिंडून हद्दी तपासणारा माणूस. मग ते नाव गेलं एका चाकाला. मोठ्या घेराचं एकच चाक, त्याला दांडा, दांड्याजवळ तबकडी. चाक रस्त्यावरून चालवत न्यायचं आणि किती अंतर तुडवलं ते तबकडीवर वाचायचं. कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी हिंदुस्थानातल्या वाटा या चाकाने मोजल्या. पलटणीच्या पुढेमागे कुणी मजूर ते चाक ढकलत चाललाय, शेजारून वहीत नोंदी होतायत, नदी, खिंड, गाव, पुढचा मुक्काम, असं ते काम चाले. वाट वाकडी असली तर मोजमापही वाकडं यायचं. म्हणून नेमक्या नकाशासाठी त्रिकोणांची पद्धत आली. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्टन १८२३ साली काम करता करताच वारला, तो आपल्या हिंगणघाटला. तिथेच त्याला पुरलं. असो.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेच नाव पोरांच्या गाडीला मिळालं आणि कुणीतरी कंटाळून त्याचं प्रॅम केलं. म्हणजे नाव चालणाऱ्याचं, पण आत बसलेला चालत नाही, आणि जो खरोखर चालतो, मागून ढकलतो, त्याचा नावात मागमूस नाही. अमेरिकेतल्या ‘स्ट्रोलर’चीही तीच तऱ्हा. रमतगमत फिरणाऱ्याचं नाव गाडीने पळवलेलं.

गाडी आधी मिरवायची चीज होती. १७३३च्या सुमारास विल्यम केंटने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी केलेली गाडी शिंपल्याच्या आकाराची होती, आणि ती ओढायला बकरा किंवा लहानसं तट्टू जुंपत. ती सहज उचलण्याजोगी केली ओवेन मॅक्लारेन या निवृत्त अभियंत्याने. स्पिटफायर विमानाची चाकं ज्या सांगाड्याला जोडतात तो बनवण्यात त्याचा हात होता. अमेरिकेहून आलेली लेक नातीची अवजड गाडी सांभाळताना मेटाकुटीला आलेली पाहून १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी काढली. लेकीसाठी जीव तुटणाऱ्या बापाची ही करामत मला त्या विमानापेक्षा जास्त भावते.

आपल्याकडे मात्र गाडीवाचून कुणाचं अडलं नाही. कडेवर, पाठुंगळीला, खांद्यावर, झोळीत. विठोबाचं रूपसुद्धा जनाबाईने असंच पाहिलं आहे, एक लेकरू खांद्यावर, एकाला हाताला धरलेलं, बाकीची मागेपुढे चाललेली. आणि आपण चालणाऱ्याला किती मानाची नावं दिली! वारकरी तर आहेतच. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई; तुकोबांनी त्याच्यावर अभंग रचले आणि त्याचा थेट देवाचा निष्ठावंत करून टाकला. जासूद, वाटाड्या, पांथस्थ, वाटसरू. वाटसरूसाठी लोक पाणपोया घालत, धर्मशाळा बांधत. १८५७च्या धामधुमीत वरसईचे गोडसे भटजी उत्तरेकडे गेले, झाशीचा वेढा आतून पाहिला, आणि परतताना गंगेची कावड घेऊन आले. कावड म्हटली की श्रावणबाळ आठवतोच. आईबापांची बाबागाडी म्हणायची ती.

या सगळ्या गोतावळ्यात ‘पादचारी’ हा पाटीवरचा माणूस. तो वर्तमानपत्रात दोनच ठिकाणी भेटतो, अपघाताच्या बातमीत किंवा पुलाच्या उद्घाटनात. ‘मी पादचारी आहे’ असं कुणी म्हणत नाही. लोक म्हणतात, ‘अकरा नंबरच्या बसने आलो.’ त्या विनोदात थोडी लाजही असते, गाडी नसल्याची.

याच माणसाला लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाऊन आल्यावर ऐका. पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट घातलेल्या आजी नातवाला गाडीत घालून मैलभर फिरवून आणतात आणि परतल्यावर सांगतात, ‘अहो, कुठे अडखळायला म्हणून झालं नाही.’ तीच गाडी नातवाबरोबर इथे येते आणि फाटकाबाहेर पडताच थांबते. पदपथाची कड गुडघ्याला लागेल इतकी उंच. गाडी पुढून उचलून कशीबशी चढवावी, तर चार पावलांवर विजेचा डबा, त्याला वळसा घालावा तर उखडलेले पेव्हर ब्लॉक. दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. दुचाकी त्यांच्यामधून आडवीतिडवी करून जाते, बाबागाडी मात्र अडकते. शेवटी आजी नातवाला कडेवर घेतात, आजोबा गाडी मिटून काखेत मारतात आणि वरात रस्त्यावरून निघते. व्हीलचेअरमधल्या माणसाला तर हाही मार्ग नाही.

नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शिकेतच म्हटलं होतं की पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, येतो असं सांगितलं. कागद भक्कम आहे. कमी आहे ती चालून बघणाऱ्याची.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. ते जुनं मोजणीचं चाक आता बाबागाडीच्या रूपात घरोघर आहे, तेच वापरू या. पदपथाचं बिल मंजूर करण्याआधी संबंधित अभियंत्याने आणि कंत्राटदाराने आत दहा किलोची गव्हाची पिशवी ठेवून एक बाबागाडी त्या पदपथाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्यावी. नगरसेवकांनी शेजारून चालावं. जिथे गाडी उचलावी लागेल तिथपर्यंतचेच पैसे द्यावेत.