तळहाताला लागलेला जांभा

प्रिय बॉम जेझू बॅसिलिके,

तुला मी दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा आई सोबत होती. पहिल्या वेळी मी दहा वर्षांची होते. सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळ, मग कवळे, घाईघाईचं जेवण आणि शेवटी तू, असा आमच्या सहलीच्या बसचा क्रम होता. तुझ्या वाट्याला वीस मिनिटं आली. गाईड हात उंच करून पुढे चालत होता आणि आम्ही त्याच्या मागे धावत होतो. ‘उजवीकडे वर बघा, चांदीची पेटी, त्यात संताचं शरीर. बघितलंत? चला, बस सुटेल.’ माणसांच्या पाठी, मेणबत्त्यांचा वास आणि उंचावर चकाकणारं काहीतरी, एवढीच त्या भेटीची शिदोरी घेऊन मी घरी गेले. पुढची कित्येक वर्षं ‘ओल्ड गोवा बघितलं का?’ असं कुणी विचारलं की मी ‘हो’ म्हणायची. ते खरं नव्हतं, हे कळायला मला दुसरी भेट लागली.

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर आम्ही पुन्हा आलो. आईचं वय आता अठ्ठ्याहत्तर. या वेळी आमच्यासोबत गोव्याचीच एक तरुण गाईड होती. कोंकणी आणि मराठी ती सहज मिसळून बोलायची. तिने आम्हाला थेट आत नेलं नाही. म्हणाली, ‘मावशी, आत नंतर जाऊ. आधी हिची भिंत बघूया.’ अर्धा तास आम्ही तुझ्या बाहेरच उभ्या होतो. हे पत्र त्या अर्ध्या तासातून आलेलं आहे.

तुझा पाया 24 नोव्हेंबर 1594 रोजी घातला गेला आणि आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी 15 मे 1605 रोजी तुला प्रार्थनेसाठी खुलं केलं. तुझी लांबी 183 फूट, रुंदी 55 फूट. तळाला तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन मोठ्या खिडक्या, त्यांच्यावर गोल गवाक्षं आणि अगदी वर येशूच्या नावाची तीन अक्षरं, जी जेझुइट संघाची खूण आहे. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, कंपोझिट या युरोपातल्या स्तंभांच्या चार शैली तुझ्या एकाच दर्शनी भागात आहेत. गाईडने हे सगळं नीट समजावलं आणि मग विचारलं, ‘पण हे सगळं कशातून केलंय?’

उत्तर आईने दिलं. ‘जांभो.’

आईचं माहेर कुडाळजवळचं. चिरेखाणीतून बैलगाडीने आणलेल्या चिऱ्यांच्या घरात ती वाढली. ज्या कोकणी लाल दगडाचं तिचं घर, त्याच दगडाचं तुझंही अंग. स्तंभ युरोपच्या पद्धतीचे, पण कोरीवकामासाठी जो काळा बेसॉल्ट लागला तो वसईहून आला. तेव्हा वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती 1739 मध्ये जिंकली, पण त्याच्या कितीतरी आधी तिचा दगड गलबतांतून इथे येऊन पोचला होता. आजही वसईतले ख्रिस्ती भाविक तुझ्याकडे येतात, ते आपल्या मराठी बोलीत प्रार्थना म्हणत. लोक तुला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात. तुझा आराखडा परदेशी आहे, हे खरं. पण तुझी हाडं कोकणची आहेत.

आईने भिंतीवर हात ठेवला. मी तिला थांबवायला हवं होतं, कारण लाखो हात असेच लागले तर दगड झिजणारच. पण तोवर तिचा तळहात लाल झाला होता. तिने तो पाहिला आणि गाईडला विचारलं, ‘हिका पावसात अशी उघडी कित्याक ठेवल्यानी?’

गाईडचा चेहरा बदलला. ती म्हणाली, ‘मावशी, रोज इतके लोक येतात, पण हा प्रश्न कुणी विचारत नाही.’

त्या दिवशी कळलं की तुझा लाल रंग मुळातला नाही. तुझ्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. साडेतीन शतकं तू तो पांघरून उभी होतीस. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, विसाव्या शतकाच्या मध्यात, तो काढून टाकला गेला. उघडा दगड अधिक प्राचीन, अधिक भव्य दिसतो असं तेव्हा वाटलं असावं. तेव्हापासून जवळजवळ सत्तर पावसाळे तू उघड्या अंगाने झेलले आहेस, आणि गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो.

जांभा काय असतो हे आईला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कोयत्यानेही तासता येतो. हवा लागली की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि वर्षानुवर्षं पाणी पीत राहिला की आतून भुसभुशीत होऊन त्याची माती सुटू लागते. म्हणून कोकणात चिऱ्याच्या भिंतीला चुना लावतात. म्हणून माझे आजोबा मृग लागायच्या आत पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधून घ्यायचे. भिंतीला पाऊस लागू द्यायचा नाही हा आमच्या घरचा साधा नियम होता, आणि तो पाळण्यासाठी कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. शिंपल्यांचा चुना भाजणारे आणि तो तुला लावणारे गोव्याचे कारागीरही हे जाणत होते. तुझा गिलावा हा शृंगार नव्हता. ते तुझं पावसाळ्यातलं झाप होतं.

ते पुन्हा लावावं की नाही, यावर गोव्यात वाद आहे. लाल बॅसिलिका ही आता गोव्याची ओळख झाली, पोस्टकार्डांवर, दिनदर्शिकांवर, सहलीच्या पत्रकांवर तीच आहे, मग ती पांढरी कशी करायची, असं काहींना वाटतं. मला त्यांचं प्रेम कळतं. माझ्या आठवणीतलीही तू लालच आहेस. पण सत्तर वर्षांच्या ओळखीसाठी चारशे वर्षांची भिंत विरघळू द्यायची का? मी अभियंता नाही. चुना कसा, किती, कधी, हे जाणकारांनी ठरवावं. मात्र तुझा लाल रंग हे तुझं मूळ रूप आहे असं एकाही गाईडने एकाही पाहुण्याला सांगू नये. तो तुझा सोललेला दगड आहे.

मग आम्ही आत गेलो. आईने सवयीने चपला काढल्या आणि शेवटच्या बाकावर बसली. गर्दी उजवीकडे वळत होती, पेटीच्या दिशेने. गाईडने आम्हाला आधी समोर बघायला सांगितलं. सोन्याच्या मुलाम्याने उजळलेल्या वेदीवर लोयोलाच्या संत इग्नेशियसची भव्य मूर्ती आहे आणि तिच्या पायाशी एक लहान मूल. ते मूल म्हणजे बॉम जेझू, बाळयेशू. तुझं नाव त्याचं आहे, आणि बहुतेक पाहुणे त्याच्याकडे न बघताच निघून जातात. माझ्या पहिल्या भेटीत मीही तशीच निघून गेले होते. शेजारच्या भिंतीवर जेरोनिमो माश्कारेन्यश याचं स्मारक आहे. तो कोचीनचा कप्तान, 1593 मध्ये वारला, आणि त्याने मागे ठेवलेल्या पैशातून तू उभी राहिलीस.

त्यानंतर पेटी. या वेळी मी ती शांतपणे पाहिली. खालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने ती भेट दिली, शिल्पकार जोवानी बात्तिस्ता फोजिनी याने ती घडवली आणि 1698 मध्ये ती इथे आणून जोडली गेली. तिच्यावर विसावलेली चांदीची पेटी मात्र गोव्यातल्या चांदीकाम करणाऱ्या कारागिरांची, 1636-37 मधली. संत फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग तिच्यावर 32 पत्र्यांत कोरलेले आहेत. खाली इटलीचा दगड, वर गोव्याची चांदी. फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचं आणि ड्यूकचं नाव सगळ्यांना सांगितलं जातं. पेटी घडवणाऱ्या गोमंतकीय हातांना कुणी हाक मारत नाही. पुढच्या वेळी कुणी गाईड तुझ्यासमोर उभा राहिला, तर त्याने निदान एवढं म्हणावं: ‘ही आपल्या माणसांनी केली.’

आणि आता ते, जे तुला सांगताना मला जड जातं. म्हार्दोळची म्हाळसा आमची कुलदेवता. ती मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा तिला फोंड्याकडे, आदिलशाहीच्या मुलखात न्यावं लागलं. मंगेश कुठ्ठाळीहून गेला, कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून. म्हणजे आमच्या सहलीच्या बसने एका दिवसात ज्या देवळांतून तुझ्यापर्यंत आणलं, ती देवळं तिथे का आहेत या प्रश्नाचं उत्तर तुझा पाया घातला गेला त्याच शतकात आहे. आणि ज्या फ्रान्सिस झेवियरला तू सांभाळतेस, त्याने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन मागितलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1560 मध्ये आलं आणि 1812 पर्यंत टिकलं. तुझ्यासमोर उभं राहताना हे विसरायचं नाही असं मी ठरवलं आहे. ते विसरून केलेलं कौतुक खोटं ठरेल.

पण याच झेवियरला गोवा ‘गोंयचो सायब’ म्हणतो. 3 डिसेंबरच्या त्याच्या फेस्ताला इथे लोटणारी गर्दी फक्त एका धर्माची नसते. नऊ दिवसांच्या नोव्हेनाला पहाटेपासून लोक येतात, सावंतवाडी आणि बेळगावकडून चालत येतात, जत्रेतलं खाजें बांधून घरी नेतात. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शनासाठी संताचं शरीर समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेलं जातं, अगदी अलीकडे 2024-25 मध्ये नेलं, तेव्हा ज्यांच्या देवांना एकेकाळी घर सोडावं लागलं त्यांचेही वंशज रांगेत होते. दुखावलेल्या माणसांनीही या जागेला आपलंसं केलं, हे मला इतिहासातल्या सगळ्या जखमांइतकंच खरं वाटतं. दोन्ही गोष्टी सांगणारा गाईड हवा. एक सांगून दुसरी लपवणारा नको.

आणि भाषेचं एक देणं आहे, तेही सांगायला हवं. तुझे चिरे चढत होते तेव्हा तुझ्याच संघातला एक इंग्रज जेझुइट, फादर थॉमस स्टीफन्स, याच गोव्यात मराठी शिकत होता. तो 1579 मध्ये इथे आला आणि 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांत, आमच्या संतांच्या छंदात, त्याने येशूची गोष्ट सांगितली. मराठीवर परक्या माणसाने इतकं प्रेम करावं, हेही याच काळात घडलं. मराठी पाहुण्यांना तुझी ओळख करून देताना त्याचं नाव आलंच पाहिजे.

निघताना गाईडने आम्हाला टेकडीवरच्या संत ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्यापाशी नेलं. तुझ्याइतकंच मोठं वैभव तिथेही होतं, दगडही तोच. 1835 मध्ये धर्मसंघांना घालवून दिलं, भक्त पांगले, 1842 मध्ये छत कोसळलं आणि पुढे दर्शनी भागही गेला. उरला तो अर्धा मनोरा. तुझेही जेझुइट 1759 मध्ये गेले होते, पण लोक येत राहिले, दिवा लावत राहिले, म्हणून तू आहेस. युनेस्कोची यादी 1986 मध्ये आली. तुला त्याआधी पावणेचारशे वर्षं सांभाळलं ते येणाऱ्या माणसांनी आणि, गिलावा निघेपर्यंत, वेळच्या वेळी चुना लावणाऱ्या हातांनी.

गाडीत बसल्यावर आईने तळहात पुसला नाही. घरी पोचेपर्यंत तो लालच होता. ती म्हणाली, ‘दरवर्षी झापां बांधूक व्हयी. भिंत सांगना नाय, आपणच बघूक व्हया.’

बॅसिलिके, तू सांगणार नाहीस. म्हणून मी सांगते आहे, तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला: वीस मिनिटांत तिला बघून परतू नका. आधी बाहेर उभे राहा. भिंतीला हात लावू नका, पण नजर लावा. आणि मग विचारा, हिचं झाप कुठे आहे?

पुढच्या मृगाआधी पुन्हा येईन.

तुझी,
चिऱ्याच्या घरातली एक लेक