पडायला जागा

नंदुरबारला मामांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी दिवसभर तिथेच पडीक असायचो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरायला लागलेल्या असत. वारा फिरला की तो लाल ठसका थेट दुकानात शिरायचा आणि वॉर्निशच्या, जळक्या तांब्याच्या वासात मिसळायचा. रब्बीचं पाणी सुरू झालं की जळालेल्या मोटारी येऊ लागत. शेतकरी मोटार उतरवून टेकत, चहा घेत, आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच असे : “व्होल्टेजच नाही हो.”

“बल्ब समजूतदार असतो,” मामा म्हणत. “व्होल्टेज पडलं की तोही गप मंद होतो. मोटार हट्टी. तेवढंच पाणी उपसायचं म्हणून जास्त करंट ओढते आणि स्वतःला जाळून घेते.”

एकदा त्यांनी साठ वॅटचा बल्ब माझ्या हातात दिला. “भाचेबुवा, याचा रोध किती?”

नववीचं पुस्तक डोक्यात ताजं होतं. मी जुन्या बिलाच्या पाठीवर मांडलं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 60 ला 230 ने भागलं, 0.26 अँपिअर आले. मग 230 ला 0.26 ने भागलं : सुमारे 880 ओहम. मी ऐटीत कागद पुढे केला. मामांनी मीटरच्या दोन पिना बल्बला टेकवल्या. काटा साठाच्या आसपास येऊन थांबला.

माझा चेहरा पडला. मामा हसले. “दोन्ही बरोबर आहेत. तू पेटलेल्या बल्बचा हिशेब केलास, मीटर गार बल्बला विचारतोय.”

ते उत्तर मला अजून पुरतं आहे. केसाहून बारीक टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते तेव्हा कुठे पांढरा उजेड पडतो. आणि तार जितकी तापेल तितका तिचा रोध वाढतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट मोकाट धावतो, मग तापलेली तारच त्याला आवरते. म्हातारा बल्ब जातो तो बहुधा लावतानाच, त्याचं कारण हेच.

बिलाच्या पाठीवर मी जो नियम वापरला, तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. 1827 मध्ये त्याचं पुस्तक आलं, तेव्हा त्याच्याच देशातल्या अनेक विद्वानांनी नाकं मुरडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं, ते 1841 मध्ये. इतकी वर्षं वाट पाहायला लावणारं सूत्र एका ओळीत मावतं : व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम.

पुढे सातपुड्यात फिरायला लागलो तेव्हा ही ओळ डोळ्यांनी दिसली. एका पाड्यावर, लाइनीच्या अगदी शेवटच्या घरी मुक्कामाला होतो. “लाईट उनी रे!” म्हणून पोरं ओरडली, आणि छपराखाली निखाऱ्यासारखा एक बल्ब उगवला. खाली बसलेल्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. 230 च्या जागी 160 व्होल्ट पोचत असतील, तर सरळ हिशेबाने साठ वॅटचे उरतात 29, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. बाकीचे सत्तर व्होल्ट डोंगर चढता-उतरताना तारेने खाल्ले. रोध तोच, बल्बात असला तर उजेड, वाटेत असला तर पाखरांच्या पायाखाली वाया गेलेली ऊब.

वाट आखूड करायची तर वीज गावातच व्हायला हवी. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात ते घडलं होतं. तिथे उदई नदी कड्यावरून उडी घेते आणि पुढे नर्मदेला मिळते. केरळातले तरुण अभियंते आले, गावाने श्रमदानाने दगड वाहिले, आणि 2003 मध्ये त्या धबधब्यावर 15 किलोवॉटचं जनित्र फिरू लागलं. साठ वॅटचे अडीचशे बल्ब! पाण्याचाही हिशेब विजेसारखाच असतो. पडण्याची उंची म्हणजे व्होल्ट, धार म्हणजे अँपिअर, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे शक्ती.

2006 च्या पावसाळ्यात नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा फुगवटा उदईत शिरला आणि प्रकल्प बुडाला. त्या धरणाच्या वीजघरांची क्षमता 1450 मेगावॉट, त्यात महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. उंची कुठे नाहीशी झाली नाही. इथून सरकून धरणाच्या भिंतीपाशी गेली.

नंतर एका पावसाळ्याच्या अखेरीस मी त्या खोऱ्यात गेलो होतो. फुगवट्याच्या काठावर बसलो. इतकं पाणी मी जिल्ह्यात कुठेच पाहिलं नव्हतं, आणि आवाज मात्र कसलाच नव्हता. बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर एक पाणकावळा पंख वाळवत होता. मनातल्या मनात मी मामांचा मीटर काढला, एक पिन या काठाला लावली, एक पलीकडच्या. काटा शून्यावरून हलला नाही. पाण्याला पडायला जागाच उरली नव्हती.