पंचवीस तारखेचा मेगाब्लॉक

लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे धावत नाही. लाल बसगाड्या आगारात उभ्या असतात आणि लांबच्या गाड्याही आदल्या संध्याकाळीच आवरत्या घेतल्या जातात. नाताळच्या सुट्टीत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या, डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या माणसाला थंडी किती, पौंड कितीला, थर्मल शर्टाच्या आत घालायचे की बाहेर, हे सगळे निघण्यापूर्वीच पाठ असते. पण एक अख्खा दिवस त्या शहरात गाडीच नसते हे कुणी सांगितलेले नसते. सांगितले असले तरी ते पटलेले नसते.

पटायचे तरी कसे? कोपरला जलद गाडी थांबत नाही. धिमी थांबते, तीही डोंबिवलीहून भरून आलेली. तिथल्या माणसाचे खरे घड्याळ फलाटावरच्या इंडिकेटरमध्ये असते. रविवारचा मेगाब्लॉक त्याच्या अंगवळणी पडलेला आहे, पण तो चार-पाच तासांचा. दिवसभर गाडी बंद म्हणजे २६ जुलै २००५, म्हणजे पाणी आणि हाहाकार. सणाला तर इकडे उलट जादा गाड्या सोडतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री पहाटेपर्यंत लोकल चालतात. कोपरवरून जाणारा ठाणे-कल्याण मार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. तो बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य कार्यालय लंडनमध्ये होते. ज्या शहराने इकडे गाडी पाठवली, ते शहर सणाच्या दिवशी स्वतः गाडीविना घरात बसते.

पूर्वी तसे नव्हते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशीही गाड्या धावत. पुढे उतारू रोडावले, फेऱ्या कमी होत गेल्या आणि अखेर बंद पडल्या. आता रेल्वे त्या रिकाम्या दिवसांत रूळ, सिग्नल आणि पुलांची मोठी कामे उरकून घेते. हा वर्षातला सर्वांत मोठा मेगाब्लॉक, एवढे सांगितले की डोंबिवलीकडच्या कुणालाही बाकी काही समजावून सांगावे लागत नाही.

पाहुण्याची मुख्य चूक तारखेची असते. नाताळ म्हणजे २५ डिसेंबर असे समजून तो त्या दिवसासाठी नवा स्वेटर राखून ठेवतो. रस्त्यावरचा नाताळ तोवर संपलेला असतो. रीजंट स्ट्रीटवर १९५४ पासून आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून रोषणाई होते, ती नोव्हेंबरातच लागते. ट्रफाल्गर चौकातले स्प्रूसचे झाड दरवर्षी ऑस्लोहून येते. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून नॉर्वेने १९४७ पासून हा रिवाज ठेवला आहे. या झाडावरचे दिवे नॉर्वेच्या पद्धतीने उभ्या सरळ माळांत लावतात. ज्यांना झगमग हवी त्यांना ते उघडेबोडके वाटते; प्रत्यक्षात चौकातली सर्वांत देखणी गोष्ट तीच असते. सूर्य चारच्या आत मावळतो. कोपरला तो सहा वाजून गेल्यावर खाडीकडे उतरतो. लंडनमध्ये दुपारचा चहा होईपर्यंत रात्र झालेली असते. दिव्यांचा हा सोस मग हौशीपेक्षा गरजेचा वाटू लागतो.

प्रत्यक्ष २५ तारखेला शहर दाराआड जाते. भुयारी स्टेशनाची सरकती लोखंडी जाळी ओढलेली असते, तिला कुलूप, आणि आत जिना खाली अंधारात उतरत गेलेला. एरवी त्या जिन्यातून वर येणारी उबदार, ग्रीसच्या वासाची हवा त्या दिवशी नसते. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला बंदी आहे. कोपऱ्यावरचे छोटे दुकान उघडे असले तर गल्ल्यावर बहुधा आपल्याच उपखंडातला कुणीतरी असतो. दूध, पाव आणि कोथिंबीर तिथे मिळते. बागा उघड्या असतात. हाइड पार्कातल्या सर्पेन्टाइन तलावात सकाळी पोहण्याची शर्यत होते. ती १८६४ पासूनची. १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी तिला चषक दिला. गोठवणाऱ्या पाण्यात म्हातारे उड्या मारतात आणि काठावर मंकी कॅप घातलेले मराठी आजोबा त्यांच्याकडे बघत राहतात. दुपारी तीनला घरोघरी राजाचे भाषण लागते. ही प्रथा १९३२ मध्ये पाचव्या जॉर्जने रेडिओवरून सुरू केली. लंडनचे महाराष्ट्र मंडळही १९३२ चेच.

जेवणाची बाजू थोडक्यात सांगता येते. बॅग भरताना पेढे, खवा, तूप मागे राहते, कारण भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे; मेतकूट, भाजणी आणि संक्रांतीसाठी तिळाचे लाडू जातात. तिथे घरी आलेले मिन्स पाय फोडून पाहिले जातात. मनुका, बेदाणे, साखर, जायफळ: सारण ओळखीचे निघते. मूळ पाककृतीत गाईची चरबी असते, म्हणून डब्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावी लागतात. शाकाहारी डबा मिळतो. चव करंजीच्या जवळची, पण करंजीचा खुसखुशीतपणा तिला नाही.

परदेशातल्या नाताळचा विचार कोपरहून केला तर तिसऱ्या स्टेशनावर थांबावे लागते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा वय अठरा. त्यांना बोलावून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेल या छोट्या गावात राहत. दंतवैद्याकडे बसल्या बसल्या त्यांनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा पत्रव्यवहार वाचला होता आणि तिथून हे नाते सुरू झाले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

रोझेल हे गाव साधे नव्हते. १९ जानेवारी १८८३ रोजी एडिसनने खांबांवरून तारा नेऊन हे अख्खे गाव विजेने उजळले. अशा तऱ्हेने दिवे लागलेले ते पहिले गाव. पुढच्या पाचच महिन्यांत कल्याणची मुलगी तिथे राहायला आली. तिच्या माहेरी तेव्हा समया आणि कंदील. रोझेलमधल्या संध्याकाळी कशा दिसत असतील याची कल्पना करायला फार काही लागत नाही: धुळीचा रस्ता, लाकडी घरे, घोडागाडी, आणि वर तारेला लटकलेला न फडफडणारा उजेड. वारा आला तरी न हलणारी ज्योत तिने आधी पाहिलेली नसणार. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावण्याची कल्पनाही याच मंडळींची. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले आणि झाड फिरते ठेवले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आज जे दिसते त्याचे मूळ तिथे आहे. कोपरजवळची वीज त्यामानाने उशिराची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस उभे राहिले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस.

आनंदीबाईंचे वैद्यकीय शिक्षण मात्र फिलाडेल्फियाला होते. शहराच्या मधोमध सिटी हॉलचे बांधकाम चालू होते. १८७१ ला सुरू झालेले ते काम १९०१ ला संपले, म्हणजे आनंदीबाईंना ती इमारत कायम अर्धीच दिसली. पेनसिल्व्हेनियात जर्मन वस्ती जुनी, त्यामुळे घरात झाड सजवण्याची चाल तिथे चांगली रुळलेली होती. या कल्याणकर विद्यार्थिनीने अमेरिकेत तीन नाताळ काढले: १८८३, १८८४ आणि १८८५ चे. नऊवारीत पाय उघडे पडून थंडी लागे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खोलीतली शेगडी पेटवावी तर धूर आणि न पेटवावी तर गारठा, अशी अवस्था त्यांच्या चरित्रात येते. आहार शाकाहारीच राहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे आहेत. त्यांच्या चरित्रांत पदवीदान समारंभ हमखास येतो. खोलीतला तो धूर मात्र जास्त काळ लक्षात राहतो.

नाताळ हा शब्दच मराठीत पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला. पोर्तुगीज ‘नाताल’ वसई-गोव्याच्या वाटेने इथे आला. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत होता. कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी मिळते: भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र, वसई रोड. फेऱ्या मोजक्याच असतात. वसईत २५ डिसेंबरला कुणी परका नसतो. अंगणात गोठ्याचे देखावे असतात, गल्लीगल्लीत त्यांच्या स्पर्धा लागतात आणि दारावरचा तारा आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ वाटतो. गोव्यात चवथीला होणाऱ्या नेवऱ्या नाताळलाही होतात. उस्मानाबादला २०२० मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच.

लंडनमधली सुट्टी ६ जानेवारीच्या सुमारास संपते. त्यानंतर सजावट ठेवणे तिथे अशुभ मानतात. महिनाभर दिवाणखान्यात मिरवलेली झाडे रातोरात बाहेर येतात आणि फाटकापाशी, कचऱ्याच्या पेट्यांना टेकून, आडवी पडतात. काहींच्या फांद्यांत चंदेरी कागदाचा तुकडा अडकलेला असतो. पहाटेच्या पदपथावर सुयांचा सडा आणि रानाचा वास. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मखरे आणि फुलांचे ढीग पाहिलेल्या माणसाला ते दृश्य नवे वाटत नाही. पालिकेची गाडी येते, झाडे नेते, आणि यंत्रातून काढलेला त्यांचा भुसा बागांतल्या वाफ्यांवर पसरला जातो. पाहुण्याचे परतीचे तिकीट बहुधा याच आठवड्यातले असते, कारण संक्रांतीला घरी पोहोचायचे असते. तिळाचे लाडू त्याआधीच संपलेले असतात.