रेवस ते रेडी, व्हाया सैरंध्री

रेवस–रेडी सागरी महामार्ग हे नाव तुम्ही कधी ना कधी बातम्यांत वाचलं असेलच. अलिबागजवळच्या रेवस बंदरापासून थेट वेंगुर्ल्यापलीकडच्या रेडीपर्यंत, म्हणजे जवळजवळ अख्खी किनारपट्टी. त्याचं वरचं टोक माझं गाव, खालचं टोक माझ्या रूममेटचं. रस्ता नक्की सुरू कुठून होतो, यावर आमचं कायम भांडण.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, ‘जत्रेला चल. रात्रभर दशावतार बघू.’ माझी दशावताराशी ओळख म्हणजे मास कॉमच्या पेपरात लिहिलेली एक टीप आणि २०२५ मध्ये थिएटरात पाहिलेला दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’. एखादा फीचर तरी निघेल, असा हिशेब करून मी कोकणकन्या पकडली.

देवळाबाहेर छोटंसं स्टेज. त्यावर सेट म्हणून काय, तर एक लाकडी बाकडं! तेच सिंहासन, तेच राजवाडा, तेच जंगल. बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. मागे कलाकार आपापल्या ट्रंकेसमोर बसून हातातल्या आरशात स्वतःच मेकअप करत होते. ‘स्क्रिप्ट बघायला मिळेल का?’ असं मी विचारलं आणि रूममेटने कपाळावर हात मारला. स्क्रिप्ट नसतंच. आख्यान ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. इथे आमची दहा स्लाइड्सच्या प्रेझेंटेशनला तीन रिहर्सल होतात!

आधी गणपती आला, सरस्वती आली. मग लाल जीभ लोंबवणारा काळाकुट्ट संकासुर आला आणि पुढच्या रांगेतली पोरं किंचाळत आयांच्या कुशीत शिरली. वेद पळवणारा हा राक्षस चक्क मालवणीत टिंगल करतो. विष्णूने त्याला मारलं, की मग मुख्य आख्यान. त्या रात्री होतं कीचकवध.

सैरंध्री आली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी. दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करतात, हे मला माहीत होतं. तरी नऊवारीतला तो माणूस बाकड्यावर बसला आणि पदर सावरला, तेव्हा मी हसायच्या तयारीत होते. आजूबाजूला कुणीच हसलं नाही. कीचक जवळ आला. सैरंध्री उठली नाही, फक्त मान वळवली. शेजारच्या आजींनी कीचकाला मालवणीत एक सणसणीत शिवी हासडली. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला एकदम बाबा आठवले.

रेवसच्या घरात ट्रंकेत एक फोटो होता. एकोणीस वर्षांचे बाबा नऊवारीत, नाकात नथ. गावच्या नाटकातली सीता! होळीला सगळे जमले, की काका हमखास म्हणायचे, ‘आली आमची सीता!’ बाबा काही न बोलता उठून जेट्टीकडे जायचे. नोकरीला लागल्यावर ऑफिसात कुणीतरी तो फोटो पाहिला आणि मग वर्षभर त्यांना काय काय ऐकावं लागलं, हे मला आईने खूप उशिरा सांगितलं. तोवर मी माझा पराक्रम करून बसले होते. कॉलेजात असताना तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, वर चार हसऱ्या स्मायली. बाबांनी काहीच लिहिलं नाही. रात्री ते ग्रुपमधून बाहेर पडले. ‘चुकून झालं,’ म्हणाले. पुन्हा आले नाहीत.

उजाडता उजाडता दहीकाला झाला. सैरंध्री लुंगी नेसून, खोबरेल तेलाने रंग पुसत चहा पीत होती. फोनवर घरच्या म्हशीची चौकशी चालली होती. शेती सांभाळून त्रिपुरी पौर्णिमेपासून पावसाच्या तोंडापर्यंत हाच दिनक्रम, आज हे देऊळ, उद्या ते. मी विचारलं, ‘लोक चिडवत नाहीत?’ त्याला प्रश्नच कळला नाही. ‘कशाक?’

फीचर काही मी लिहिलं नाही. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. करंजाच्या पुलाबद्दल त्यांचं नेहमीचं सुरू होतं. अंतुल्यांच्या काळापासून ते हा पूल ऐकताहेत. मध्येच मी मोबाइलवरची क्लिप त्यांच्यापुढे धरली. आधी त्यांनी नुसतीच बघितली. मग चष्मा लावून पुन्हा.

‘मान बघ,’ म्हणाले. ‘आधी डोळे वळलेत, मग मान. घाई नाही केली.’

मी गप्प. लाँचच्या इंजिनाचा आवाज.

‘साडी तुझ्या आजीची होती. तिनेच नेसवली होती मला. नथही तिचीच.’

रेवसची जेट्टी दिसायला लागली. पिशव्या आवरत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘तो फोटो आहे का गं अजून तुझ्याकडे?’

‘आहे.’

‘मला पाठव. ग्रुपवर नको.’