न दिसलेला वाघ

दोस्तांनो, पैज लावायची तर ती कुणाशीही लावावी, पण भाच्याशी लावू नये. हरलो तर आइस्क्रीम आपण द्यायचं आणि जिंकलो तरी आपणच द्यायचं!

ही पैज लागली चंद्रपुरात. दिवाळीच्या सुट्टीत माझा आठवीतला भाचा पुण्याहून आला होता. रात्री टीव्हीवर हिंदीत डब केलेला 'स्पीड' लागला. १९९४ सालचा हॉलिवूडचा गाजलेला सिनेमा. एका बसमध्ये बाँब. बसचा वेग ताशी पन्नास मैलांच्या, म्हणजे साधारण ऐंशी किलोमीटरच्या खाली आला की खेळ खलास. भाचा खुर्चीच्या टोकावर बसलेला. पोहे गार झाले तरी पत्ता नाही.

"मामा, या सिनेमांत एवढी मजा का येते माहितीये? धडाम् धुडूम! जितके स्फोट जास्त, तितकी मजा जास्त."

"चूक," मी म्हणालो. "एकही स्फोट न होता तुझा श्वास अडकवून दाखवतो. चार दिवस दे मला."

"लागली पैज!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर हजर. चंद्रपूरहून हे अंतर तीसेक किलोमीटरच आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. उघड्या जिप्सीत थंडी अशी झोंबत होती की भाच्याचे दात वाजायला लागले. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. रस्त्याच्या कडेनं मधूनमधून दगडी खांब उभे. ते गोंड राजांच्या काळातले आहेत असं सांगतात.

तासभर काहीच नाही. चितळं दिसली, मोर दिसला. भाचा जांभया द्यायला लागला. एवढ्यात गाइडनं हात वर केला. गाडी थांबली, इंजिन बंद झालं.

"खॅक्! खॅक्!" झाडावरून वानर ओरडलं. मग डावीकडून चितळाची कूक ऐकू आली. गाइड कुजबुजला, "चितळ कधी कधी उगाच ओरडते. सांबर ओरडलं तर समजा, नक्की आहे."

आम्ही वाट बघत राहिलो. वारा नाही, पान हलत नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग बांबूच्या बेटामागून, अगदी जवळून, घसा फाटल्यासारखा आवाज आला. सांबर! भाच्यानं माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला. बांबू हलला. एक वाळकी काडी मोडली.

आणि मग सगळं शांत. वाघ आला नाही. आला असेल तर आम्हांला न दिसता, आतल्या आतून निघून गेला. धुळीत पंज्यांचे ताजे ठसे तेवढे मिळाले.

मला वाटलं, स्वारी रुसणार. पण संध्याकाळी घरी हाच पठ्ठ्या सगळ्यांना गोळा करून अर्धा तास सांगत होता, "काडी मोडली, तेव्हा तर मी संपलोच!" न दिसलेला वाघ त्याच्या हातवाऱ्यांतून मात्र दहा फूट लांब झाला होता.

तेव्हा मी त्याला 'जॉज'ची गोष्ट सांगितली. १९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी माणसं खाणाऱ्या शार्क माशाचा सिनेमा काढला. यंत्राचा मासा तयार केला, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो सारखा बिघडायचा. आता काय करायचं? मासा न दाखवताच त्याची भीती दाखवायची! नुसतं पाणी, वर तरंगणारं पिंप आणि दोन सुरांचं ते धडकी भरवणारं संगीत. पहिला तासभर मासा नीट दिसतही नाही आणि लोक खुर्च्यांत आखडून बसतात. जंगलातलं सांबर म्हणजे त्या सिनेमातलं संगीतच की!

"पण मामा, हिरो पाहिजेच ना?"

पाहिजे तर. हिरोची गोष्ट ताडोब्यातच आहे. ताडोबा हे नावच एका वीराचं. गोंड लोक सांगतात, तारू नावाचा एक गावप्रमुख होता. तो वाघाशी झुंजला आणि त्या झुंजीत मेला. तळ्याच्या काठी त्याचं स्थान आहे, लोक त्याला देव मानतात. लक्षात घ्या, तारू जिंकला म्हणून देव झाला नाही. ज्याला काही होऊच शकत नाही, त्याची झुंज बघण्यात काय गंमत? १९८८ सालच्या 'डाय हार्ड'मधला पोलीस आठवा. अनवाणी पायांनी काचांच्या तुकड्यांवरून जातो. त्याचे पाय रक्तबंबाळ होतात, तेव्हा आपण आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतो. आणि एवढं करून त्याला हवं काय असतं? नाताळसाठी आलेला असतो बिचारा, त्याला बायकोमुलांना भेटायचं असतं. बस्स!

तिसऱ्या दिवशी चांदाफोर्टहून गाडी पकडली. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा आणि वडसा, म्हणजेच देसाईगंज. हा सगळा भाग झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर इथे गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच असतं. नाट्यमंडळांची कार्यालयं वडशात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, यावरून तिचा मान ओळखा.

जवळच्याच एका गावात आम्ही नाटकाला बसलो. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालं ते पहाटेपर्यंत. खाली तणस, अंगावर घोंगडी, शेजारी शेंगदाण्याची पुडी. नायक कंदील घेऊन एकटा येतो आणि खलनायक कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागे दबा धरून बसतो. नायकाला ते ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. एक आजोबा ताडकन उठून ओरडले, "मांगं पाय ना गा, मांगं!" त्यांच्या पाठोपाठ सगळा मंडप ओरडायला लागला. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? पुण्याचे पाहुणे!

इथे कॅमेरा नाही, 'कट' नाही, चुकलं तर पुन्हा घेणं नाही. जुन्या हॉलिवूडमध्येही असे वेडे होते. बस्टर कीटन या नटानं १९२८ सालच्या एका मूकपटात घराची खरीखुरी भिंत स्वतःच्या अंगावर पडू दिली. तो उभा होता नेमका तिथे, जिथे भिंतीतल्या खिडकीची मोकळी चौकट येणार होती. जरा इकडेतिकडे झाला असता तर? आज इतक्या वर्षांनी बघतानाही पोटात गोळा येतो, कारण भिंत खरी आहे.

चौथा दिवस. ब्रह्मपुरी तालुक्यात माझ्या मित्राचं गाव आहे. जंगल अगदी शेतांना टेकलेलं. मित्राच्या आईला आम्ही सगळे 'माय' म्हणतो. धान कापणीचे दिवस होते. माय सकाळीच विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात गेली होती. बायका तिकडे घोळक्यानं जातात, मोठमोठ्यानं बोलत जातात. त्याचं कारण वेगळं सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात.

रोज दिवस मावळायच्या आत घरी येणारी माय त्या दिवशी आली नाही. मित्र दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. फोन लावला तर तो घरातच, चार्जिंगला लावलेला वाजला. अंधार पडायला लागला. समोरच्या घरचं कुत्रं शेतांकडे तोंड करून भुंकत होतं. कुणी काही बोलेना. मित्रानं बॅटरी आणि काठी घेतली, शेजारचे दोघे निघाले. भाचा अंगणाच्या कुडापाशी उभा होता. त्यानं माझं मनगट पुन्हा धरलं. पण या वेळी आवळलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

आणि वळणावर बायकांचे आवाज आले. सगळ्यांच्या पुढे माय, डोक्यावर गवताचा भारा. "एक बांधी रायली होती, तेवढी निपटून टाकली," ती म्हणाली आणि भारा खाली टाकला. भाचा धावत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

जेवताना त्यानं विचारलंच, "माय, तुम्ही वाघ पाहिलाय?"

"पायला ना."

"मग? काय झालं?"

"काय होते? तो त्याच्या वाटेनं गेला, मी घरी आली. बस." आणि तिनं त्याच्या ताटात भात वाढला.

भाचा रात्री बराच वेळ जागा होता. मग हळूच म्हणाला, "मामा, त्या बसमधल्या माणसांनापण घरीच जायचं होतं ना?"

"हो."

"म्हणून मी पोहे विसरलो. स्फोटामुळे नाही."

दोस्तांनो, पैज मी जिंकलो, पण तशी जिंकण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. सिनेमात भीतीची मजा येते, कारण दिवे लागणार हे आपल्याला ठाऊक असतं. मायच्या घरी ज्या दिवशी काहीच घडत नाही, तो दिवस सगळ्यांत चांगला.

आता पुढच्या वेळी एखादा जोरदार सिनेमा बघाल, तेव्हा स्फोट मोजू नका. कोण सुखरूप घरी यावं म्हणून तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसला आहात, तेवढं बघा. असं कुणीच सापडलं नाही, तर सिनेमा फुसका समजा.

आणि हो, आइस्क्रीम मीच दिलं. दोन!