काळजी घेणारीची काळजी
चारबाग, लखनौ. रात्री उशिरा.

यांना नुकतीच झोप लागलीय. यांचा आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. व्रण पडतात, रक्त जातं. औषधांनी महिनोन्‌महिने शांत राहतो आणि मग एकदम उसळतो. मला थकवतो तो हा शांत काळच. रायबरेली रोडवरच्या संजय गांधी पीजीआयमध्ये आज डॉक्टर म्हणाले, सूज उतरलीय. आनंद झालाच, पण धाकधूक काही जाईना. कुठेही गेलं की माझी नजर आधी शौचालय शोधते. रात्री कडी वाजली की मी जागी. यांच्या पानात काय वाढलं ते पक्कं आठवतं, मी काय खाल्लं ते नाही. शिवाय हे दुखणं चारचौघांत सांगता येत नाही. हृदयविकार असता तर शेजारी चौकशीला तरी आले असते.

वन्सं रोज फोनवर विचारतात, दादा कसा आहे? आज म्हटलं, वन्सं, थोडं माझंही ऐका. खूप रडले. त्या म्हणाल्या, ‘पुष्पक एक्सप्रेसनं येते, आठवडाभर मी बघते त्याच्याकडे.’ त्या आल्या की कैसरबागेत जाईन. पंडित भातखंड्यांनी १९२६ मध्ये उभारलेल्या संगीत विद्यालयात पुन्हा गाणं शिकता येईल का, ते विचारायचंय.